वीरण्णानं काढलेला वॉल

निलंग्याच्या एसटी स्टँडमागं, एका कडुनिंबाच्या सावलीत वीरण्णाचं गॅरेज होतं. गॅरेज आपलं म्हणायचं. चार पत्रे, एक खड्डा आणि एक लाकडी कपाट, बस्स. तीन पिढ्यांचं किराणा दुकान असलेल्या महादेवप्पांचा हा मुलगा तराजू सोडून चौदाव्या वर्षी हैदराबादला पळाला, तिथं एका उस्तादाच्या शिव्या खात गाड्या शिकला आणि पोलीस ॲक्शननंतर परत आला. तेव्हा बाप एवढंच म्हणाला होता, "गळ्यात लिंग हाय आन् नखात काळं. बघ बाबा, दोन्ही सांभाळतंय का." वीरण्णानं दोन्ही सांभाळलं. इंजिनावर वाकायच्या आधी तो गळ्यातली लिंगाची चांदीची डबी शर्टाच्या आत पाठीवर सरकवायचा आणि मगच पाना हातात घ्यायचा.

त्याची ख्याती होती ती लहान वस्तूंसाठी. इंजिन खाली उतरवायला सगळ्याच मेस्त्रींचे हात शिवशिवतात. वीतभर रबरी पाइप बदलायला मात्र कुणाला सवड नसते. वीरण्णाचं उलटं होतं. गाडी आली की तो आधी रेडिएटरचं झाकण उघडून त्याच्या रबरी वायसरवरून अंगठा फिरवायचा. मग पाइप असे दाबून बघायचा, की बाजारात एखादी बाई वांगी दाबून बघतेय असं वाटावं. पाइप मऊ लागला की गिऱ्हाइकाची खैर नसे. कुणी पाइपाला चिंधी गुंडाळून आणली तर तो चिंधी सोडून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. आणि रेडिएटर गळतोय म्हणून कुणी त्यात हळद टाकली असेल तर मग विचारूच नका. "हळद लग्नात लावत्यात," तो सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणायचा, "गाडीचं काय लगीन लावून ऱ्हायला का?"

असा हा तापट, नेटका माणूस. गाडी थंड ठेवावी तर वीरण्णानंच, असं किल्लारीपासून औश्यापर्यंत लोक बोलत आणि ते त्याच्या कानावर गेलेलं त्याला आवडत असे. का आवडू नये?

या नावलौकिकाची सुरुवात झाली ती बाहत्तरच्या दुष्काळात. दुष्काळी कामावरची एक जीप दर पाच मैलांवर वाफ सोडत होती. वीरण्णानं तिचं इंजिन उघडलं, त्याच्या तोंडाशी बसवलेली पितळी झडप काढली आणि फेकून दिली. तिला इंग्रजीत थर्मोस्टॅट म्हणतात. आपल्याकडचे मेस्त्री नुसतं 'वॉल' म्हणत. इंजिन गार असताना हा वॉल पाणी अडवून धरतो, इंजिन तापलं की उघडतो आणि पाणी रेडिएटरकडं सोडतो. वॉल काढला आणि जीप थंड झाली. वीरण्णानं तिथल्या तिथं निकाल लावला : आपल्या मुलखात ऊनच एवढं, इथं गाडी गरम करायची वस्तू हवी कशाला? ही अक्कल थंड देशातल्या साहेबांची, ती त्यांच्याकडंच राहू द्या. त्यानंतर त्याच्या हाताखालून गेलेल्या एकाही गाडीत वॉल राहिला नाही. बाकीच्या मेस्त्रींनी त्याचं बघून काढले. तालुक्यात वॉल असलेली गाडी शोधून सापडली नसती.

त्याच साली त्यानं वसंतराव हेडमास्तरांच्या जुन्या अँबॅसिडरमधला वॉलही काढला होता.

वसंतरावांना सारा गाव गुरुजी म्हणे. गाडी त्यांनी एका वकिलाकडून घेतलेली, तेव्हाच दहा वर्षांची. गुरुजी ती अशी चालवत, की सायकलवाले मागं वळून बघत पुढं जात. त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई घरी गल्लीतल्या मुलींना शिकवायच्या. वीरण्णाची मुलगी महानंदा त्यांच्याच ओसरीवर पाटी घेऊन बसली आणि आज रेणापूरला शाळेत शिकवत होती. बाईंचं नाव निघालं की वीरण्णाचा चढलेला आवाज उतरायचा. त्या ओसरीचं देणं त्याला मनापासून वाटायचं, आणि तो ते बोलून दाखवायचा नाही, गाडीच्या पाइपांच्या क्लिपा आवळून दाखवायचा.

बाईंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. पूर्वी त्यासाठी सोलापूर गाठावं लागलं असतं. पण लातूरचा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागून डॉक्टर आले, आणि डोळ्यांचा एक चांगला डॉक्टर लातुरात दवाखाना घालून बसला. त्यानं सांगितलं, दर दुसऱ्या गुरुवारी डोळ्यांतला दाब मोजायचा, औषध त्याप्रमाणं बदलायचं, आणि एकही खेप चुकवायची नाही. गेलेली नजर परत येत नाही. आहे ती राखायची. एसटीच्या धक्क्यांनी बाईंचं डोकं फुटायला लागायचं, म्हणून गुरुजी त्यांना गाडीनं नेत.

गाडीही आता म्हातारी झाली होती. मागच्या उन्हाळ्यापासून ती लामजन्याच्या पुढं गेली की तापायची. बॉनेटमधून वाफ निघायची आणि गुरुजी घाबरून गाडी कडेला घ्यायचे. तिथं रस्त्यालगत एका शेतात गंगम्माचं खोपट होतं. साठीची एकटी बाई. पहिल्या वेळी गुरुजींनी पाणी मागितलं, तिनं घागर आणून ओतली. मग ते दर खेपेचंच झालं.

पण शहाऐंशीचा उन्हाळा होता तो. विहिरी बुडाला गेलेल्या. गावोगाव टँकरपुढं घागरींच्या रांगा. एका गुरुवारी बाईंनी सहज विचारलं, तेव्हा त्यांना कळलं, की ही एक घागर आणायला गंगम्माला दीड कोस जाऊन-येऊन चालावं लागतं.

घरी आल्यावर बाईंनी सांगून टाकलं. आवाज न चढवता.

"मी आता लातूरला येणार नाही."

"अगं, डॉक्टरांनी काय सांगितलंय?" गुरुजी म्हणाले.

"ऐकलंय मी. पण तिच्या डोक्यावरची घागर रिकामी करून मला माझे डोळे राखायचे नाहीत. गाडी पाणी मागायची थांबली की सांगा, येते."

"आपण घरून डबा भरून नेऊ."

"आपल्याकडं तरी कुठंय? शेजारच्या सरस्वतीलाही तिसऱ्या दिवशी पाणी मिळतंय."

गुरुजींनी चाळीस वर्षं पोरांना धाक दाखवला, पण बाईंपुढं त्यांचं काही चालत नसे. ते तडक गॅरेजवर आले. कडुनिंबाखाली बसले आणि म्हणाले, "वीरण्णा, पुढची खेप चुकली तर काय होईल मला ठाऊक नाही. काहीतरी करा." एवढं बोलताना त्यांचा चष्मा ओला झाला.

वीरण्णानं मान हलवली. मनात म्हणाला, एवढंच ना?

तीन दिवस त्यानं दुसरी गाडी हातात घेतली नाही. रेडिएटरचं झाकण बदललं. वायसर वाळून पापडासारखं झालं होतं. वरचा पाइप बदलला, खालचा बदलला. फॅन बेल्ट नवा घातला. पंपाचं वायसर बदललं, क्लिपा बदलल्या, बोअरच्या खाऱ्या पाण्यानं आतून धरलेली चुन्याची पापुद्री जमेल तेवढी खरवडली. मग स्वतः चालवत गाडी घेऊन निघाला. लामजन्यापर्यंत तापमानाचा काटा शहाण्यासारखा मध्यावर होता. पुढं दोन मैलांत तो वर चढला, आणि वाफ आली.

त्यानं गाडी थांबवली ती नेमकी खोपटापाशी. गंगम्मा घागर घेऊन बाहेर आलीच. "बाई न्हाईत व्हय आज?" तिनं विचारलं.

"न्हाईत," वीरण्णा म्हणाला. "पाणी ऱ्हाऊ द्या. थंड व्हस्तवर थांबतो मी." त्याला तिच्याकडं बघवेना. आयुष्यात पहिल्यांदा आपली दुरुस्ती फुकट गेली होती, आणि तीही कुणासमोर तर हिच्यासमोर.

तो बॉनेट उघडून उभा राहिला आणि सवयीनं एकेका वस्तूवर फडकं धरून हात ठेवू लागला. इंजिन चुलीवरच्या तव्यासारखं. पण रेडिएटरचा खालचा भाग? कोमट. त्यानं फडकं काढलं, उघडा हात ठेवला. कोमटच. इंजिन एवढं उकळतंय आणि रेडिएटर कोमट, म्हणजे गरम पाणी रेडिएटरपर्यंत येतच नव्हतं. मग जातंय कुठं? इंजिनातून पंपाकडं परत जाणारी एक बोटभर लांबीची आखूड नळी असते. तिच्यावर त्यानं हात ठेवला आणि चटका बसून मागं घेतला. पाणी जवळची वाट धरून इंजिनातल्या इंजिनात गरगरत होतं.

ही नळी तो तीस वर्षं बघत आला होता. फुटली की बदलत होता. ती कशासाठी असते, हे त्यानं कधी कुणाला विचारलं नव्हतं. उस्तादानं सांगितलं नाही, आणि स्वतः उस्ताद झाल्यावर विचारायचं कुणाला?

रविवारी सकाळी तो गुरुजींच्या ओसरीवर गेला. गाडीच्या खणात रेक्झिनच्या पिशवीत कंपनीचं इंग्रजी पुस्तक होतं. चौदा वर्षं तो ते बाजूला सारून त्या खणात फडकं ठेवत आला होता.

"गुरुजी, ह्यात पाण्याचं काय लिवलंय तेवढं वाचा."

गुरुजी सतरंजीवर बसून वाचू लागले. एक वाक्य इंग्रजी, मग त्याचं मराठी, वर्गात शिकवावं तसं. बाई दाराआड तांदूळ निवडत होत्या; बोटांनीच, कारण खडे आता दिसत नव्हते. झाकणाचं झालं, पंपाचं झालं. मग गुरुजी म्हणाले, "हे ऐका. ही झडप उघडते तेव्हा तिचं खालचं कडं आखूड नळीचं तोंड बंद करतं, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडं जातं. उष्ण प्रदेशात झडप काढायची झाल्यास तिच्या जागी... तिच्या जागी पितळी नळकांडं बसवावं. नुसती काढल्यास..."

गुरुजी थांबले. त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी पान उलटलं आणि घाईघाईनं म्हणाले, "पुढं बॅटरीचं आहे. तेही वाचू का?"

या एका गोष्टीसाठी मला गुरुजी फार आवडतात.

वीरण्णा खाली मान घालून बसला होता. त्याला बाहत्तरची ती जीप दिसत होती. तिचा वॉल गंजून बंदच पडलेला होता, म्हणून काढल्यावर ती थंड झाली. आजाऱ्याचा सडका दात काढला आणि मग गावातल्या सगळ्यांचे चांगले दात काढत सुटलो, असं झालं होतं. रेडिएटर साफ होता, तोवर खपून गेलं. म्हातारपणी उघडं पडलं. गप्प बसून नवा वॉल बसवला असता तर कुणाला कळलं असतं? गुरुजी तर पान उलटून मोकळे झाले होते.

"पुस्तक मिटा, गुरुजी," तो म्हणाला. "वॉल म्या काढला. गाडी म्हातारी म्हनून तापत न्हाई. माज्यामुळं तापायलीय."

मग दाराआडून बाई म्हणाल्या, "तुम्ही काढलात, तर तुम्हालाच बसवता येईल ना?"

"येईल की, बाई."

"मग मी गुरुवारी तयार राहते. पण हे जे आत्ता आम्हाला सांगितलंत, ते त्या गंगम्मांना सांगायचं. पाणी त्यांचं गेलंय."

सोमवारी तो लातूरला गेला. स्पेअर पार्टच्या पाच दुकानांत विचारलं. पाचही ठिकाणी तेच उत्तर : वॉल कोण ठेवतंय, इकडं कुणीच बसवत नाही. एकानं तर आपलेपणानं सल्ला दिला, "निलंग्याला वीरण्णा म्हणून मेस्त्री हाय, त्याला विचारा. तो वॉल काढून टाकतो, गाडी एकदम थंड." वीरण्णा "बरं" म्हणाला आणि पायऱ्या उतरला. इतकी शरम त्याला बापापुढं काळी नखं घेऊन उभं राहतानाही वाटली नव्हती.

मंगळवारी पहाटेच्या एसटीनं तो नांदेडला गेला. तिथं जुन्या सामानाच्या दुकानात शेषेराव नावाचा म्हातारा फळीवर चढला आणि धुळीनं माखलेलं एक खोकं घेऊन उतरला. "बारा वर्षं पडून हाय," तो म्हणाला. "वॉल बसवणारा तुम्हीच पहिले भेटून राहिले. कुठल्या गावचे?" वीरण्णानं गाव सांगितलं. नाव सांगितलं नाही.

बारा वर्षं पडलेला वॉल उघडतो की नाही, हे बघायचं तर तो पाण्यात उकळून बघावा लागतो. बुधवारी सकाळी पूजा आटोपून तो चुलीपाशी गेला.

"रत्नम्मा, चहाचं पातेलं दे. आन् तांब्याभर पाणी."

त्याची बायको पाण्याला माहेरच्या कानडीत नीरू म्हणायची, आणि त्या उन्हाळ्यात ती तो शब्द सोन्याचं नाव घ्यावं तसा घ्यायची. "अय्यो! पितळ उकळायला नीरू? पूजेला पळीभर घालून ऱ्हायले न् ह्याला तांब्याभर?"

"बाईंच्या डोळ्यासाठी हाय."

तिनं तांब्या उचलला. पाणी ओतलं, जाळ सारला आणि शेजारी उकिडवी बसली. दोघं पातेल्यात बघत राहिली. दोऱ्याला बांधलेला वॉल पाण्यात लोंबकळत होता, मुका, घट्ट मिटलेला. पाण्यातून बुडबुडे येऊ लागले तरी तो मिटलेलाच. वीरण्णाच्या कपाळावर घाम आला. नांदेडच्या पुढं त्याला दुसरं गाव माहीत नव्हतं.

"उघडलं की!" रत्नम्मा एकदम म्हणाली. मधली पितळी चकती केसभर वर आली होती, मग दोन केस, मग चांगली बोटाच्या पेरभर. वीरण्णानं दोरा धरून वॉल वर उचलला. गार होताच तो पुन्हा मिटला. त्यानं परत बुडवला, परत उघडला. चार वेळा बघितलं. खरं तर एकदाच पुरलं असतं. पण दोघांनाही उठावंसं वाटेना. मग रत्नम्मानं ते पाणी निवल्यावर भांड्यांना घेतलं.

वॉल बसवून झाल्यावर संध्याकाळी तो स्टँडजवळच्या बाकीच्या तिन्ही गॅरेजांवर गेला आणि सांगितलं, अँबॅसिडरमधले वॉल काढू नका, माझं चुकलं. व्यंकट मेस्त्री हसून म्हणाला, "मामा, ऊन लागलं काय?" वीरण्णानं त्याला पुस्तकात काय लिहिलंय ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं आणि अजिबात चिडला नाही. हे पाहून मात्र व्यंकट घाबरला.

गुरुवारी बाई तयार होऊन फाटकात उभ्या होत्या. वीरण्णा पुढं गुरुजींच्या शेजारी बसला. निलंगा सोडल्यापासून तो दोनच गोष्टी करत होता. काट्याकडं बघत होता आणि गंगम्माला काय सांगायचं ते मनात जुळवत होता. लामजना गेलं. काटा मध्यावर. दोन मैल गेले. काटा मध्यावरच. गुरुजी गाडी चालवताना बोलत नसत. त्यांनी नुसता डावा हात वीरण्णाच्या गुडघ्यावर ठेवला आणि लगेच परत स्टिअरिंगवर नेला.

खोपटापाशी, रस्त्याच्या अगदी कडेला, गंगम्मा भरलेली घागर डोक्यावर घेऊन उभी होती.

गुरुजींनी गाडी थांबवली. गंगम्मा बॉनेटकडं बघत राहिली. "आज वाफ न्हाई?"

वीरण्णा खाली उतरला. जुळवलेलं सगळं तो विसरला. "गंगम्मा, ह्या गाडीतली एक वस्तू म्या काढून टाकली हुती. चौदा वर्सं झाली. लई शानपना केला. त्याच्यापायी गाडी तापायची. तुमचं दोन उन्हाळ्याचं पानी माज्या हातानं गेलं. आता बसवली ती. आता गाडी पानी मागनार न्हाई."

गंगम्मानं घागर उतरवून खाली ठेवली. चुंबळ हातात घेतली. "म्हंजे आता थांबनार न्हाई गाडी," ती म्हणाली.

"न्हाई."

"बरं झालं की." पदरानं तिनं तोंड पुसलं. "मी आपली बुधवारीच दोन खेपा करून ठेवायची. म्हनलं, गुरवारी मानसं येनार. दुसरं कोन येतंय हिकडं?"

वीरण्णानं रागाची तयारी केली होती, शिव्यांची केली होती. याची केली नव्हती.

मागचं दार उघडलं. बाई दाराची कड चाचपत उतरल्या. "वीरण्णा, गाडी थंड आहे ना?"

"हाव, बाई."

"आणि डॉक्टरांचा नंबर दहा वाजताचा. मग घाई कसली?" त्या गंगम्माच्या आवाजाच्या रोखानं दोन पावलं चालल्या. "दोन उन्हाळे तुमच्या दारात येतोय, आणि आमचं सगळं लक्ष त्या बॉनेटकडं. तुमचं घर पाहिलंच नाही मी. चला, दिसेल तेवढं पाहते."

गंगम्मानं त्यांचा हात धरला आणि ढेकळं चुकवत त्यांना खोपटाकडं घेऊन गेली. गुरुजी मागोमाग गेले. वीरण्णा गाडीपाशीच उभा राहिला.

"अवो मेस्त्री," गंगम्मानं हाक मारली, "आता तिथं हुबं ऱ्हाऊन काय करता? या की."

तो गेला. तिनं तांब्या भरून त्याच्या हातात दिला. त्यानं तो वर धरून अर्धा प्यायला आणि उरलेलं पाणी तसंच परत केलं. उन्हाळा होता, आणि ते पाणी किती लांबून येतं हे त्याला ठाऊक होतं.

गंगम्मानं तांब्या परत त्याच्याच हातात ठेवला.

"समदं प्या," ती म्हणाली. "तुमच्या गाडीनं कधी अर्धं टाकलं न्हाई."

गुरुजी हसले, बाई हसल्या. वीरण्णाला हसू येता येता डोळ्यांत पाणी आलं, आणि तो सगळं पाणी प्यायला.